सुमनअक्काच्या शंभर गाठी

टीव्हीवरचा कोटातला माणूस "सरकारची तूट इतके लाख कोटी" असं म्हणतो तेव्हा तुम्ही काय करता? घाबरता, की चॅनल बदलता?

सुमनअक्का दोन्ही करायची नाही. ती खुर्ची पुढे ओढायची आणि पडद्यावरचा माणूस ऐकतोय अशा आवाजात त्याला विचारायची, "कितलामाईन?" म्हणजे कितीपैकी. उत्तर यायचं नाही. मग अक्का आवाज बंद करायची, चित्र मात्र चालू ठेवायची. "हातवारे करू दे त्याला. त्याचाही पगार चालू राहिला पाहिजे."

हा प्रश्न ती सगळ्यांना विचारायची. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "या औषधाने खूप जणांना गुण आला," तर त्यांना. बारावीत मला अर्थशास्त्रात अडुसष्ट मार्क पडले आणि मी पेढे घेऊन गेले, तर मला. "शंभरापैकी," मी चिडून म्हणाले. तेव्हा कुठे तिने पेढा तोंडात टाकला.

अक्काचं माहेर धुळ्याजवळच्या एका खेड्यातलं, म्हणून रागात आणि लाडात तिची भाषा अहिराणी व्हायची. बाकी वेळ ती ऑफिसातली मराठी बोलायची, कारण उभं आयुष्य तिने वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात काढलं होतं. "नवऱ्याच्या जागेवर नाही लागले, परीक्षा देऊन लागले," हे ती ओळख करून देतानाच सांगायची. तिचं काम तपासणीचं. एका लोखंडी मापाची दोन टोकं असतात. एक टोक सुट्या भागाच्या भोकात गेलंच पाहिजे, दुसरं जाताच कामा नये. दोन्ही जमलं तर माल पास, नाहीतर भंगार. दिवसभर हेच. या कामाने तिला एक गोष्ट शिकवली होती, ती तिच्याच शब्दांत सांगते: "केसाएवढा फरक सुईत पडला तर सुई गेली. तोच फरक पाण्याच्या पाइपात पडला तर कुणाला पत्ताही लागत नाही. मी फरक किती ते नंतर बघते. आधी बघते, फरक कशात."

निवृत्त झाल्यावर ती आमच्या गावात राहायला आली. जळगाव जिल्ह्यातलं, केळीच्या पट्ट्यातलं तालुक्याचं गाव. नाव लिहीत नाही. पुढे ज्या साहेबांबद्दल सांगणार आहे ते बदली होऊन गेले, आणि एका माणसाची बदनामी करण्यासाठी मी हे लिहायला बसलेली नाही.

आमच्या वस्तीच्या बुद्धविहाराच्या सभागृहात अक्काने एक प्रथा सुरू केली. फेब्रुवारीत देशाचं बजेट आलं की त्यानंतरच्या पहिल्या रविवारी बायकांनी जमायचं. केळी भरणाऱ्या, वेफर्सच्या कारखान्यात जाणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, शिलाई करणाऱ्या. शेजारच्या मोहल्ल्यातल्या फरीदाभाभीसारख्या बायकाही येऊ लागल्या. अक्का भिंतीवरच्या दोन खिळ्यांना एक लांब सुतळी ताणून बांधायची. तिला सारख्या अंतरावर शंभर गाठी.

"ही सुतळी म्हणजे आपला देश वर्षभरात जे काही बनवतो, पिकवतो, विकतो, शिकवतो, शिवतो, त्या सगळ्याची किंमत. तू भरलेली केळी यात आली. हिने शिवलेला ब्लाउज यात आला. मास्तरचा पगार यात आला. बठ्ठं यात शे, सगळं." मग ती विचारायची, "सरकारने वर्षात जेवढं कमावलं त्याच्यापेक्षा जास्त किती खर्चलं? ही झाली तूट. ती या शंभरातल्या कितव्या गाठीपर्यंत जाते? बोला."

प्रत्येकीने अंदाज सांगायचा. जिचा सगळ्यात जास्त चुकेल तिने सगळ्यांसाठी चहा करायचा. पहिल्या वर्षी फरीदाभाभी म्हणाली, "साठ." तिने चहा केला. दुसऱ्या वर्षी तिने घाबरून "एक" सांगितलं, आणि पुन्हा चहा केला. "अक्का, तुझ्या देशाने मला चहावाली करून ठेवलं," ती म्हणाली. अक्का म्हणाली, "साठावरून एकावर आलीस, आता मध्ये कुठेतरी थांब."

त्या वर्षीच्या गाठीवर अक्का एक रंगीत धागा बांधायची. जुन्या वर्षांचे धागे तिने कागदपत्रं शोधून आधीच बांधले होते. साथीच्या वर्षाचा लाल धागा नवव्या गाठीच्याही पुढे गेलेला. तो दाखवून एका बाईने विचारलं, "म्हणजे त्या वर्षी सरकार सगळ्यात वाईट होतं का?" अक्का म्हणाली, "त्या वर्षी तुझ्या घरी फुकट गहू-तांदूळ आला होता का? आला होता ना. मग तो कुठून आला समजतेस? आणि दुसरी गोष्ट. त्या वर्षी कामं बंद होती, म्हणजे सुतळीच आखडली होती. तूट वाढली की सुतळी आखडली, हे दोन्ही बघायचं. एकाच टोकाकडे बघून माल पास करायचा नाही."

आता माझ्याबद्दल थोडं, कारण यात माझी फजिती आहे. मी पत्रकांवर वाढले. वडील हमालांच्या संघटनेचं काम करायचे, आमच्या घरात पुस्तकं चार आणि पत्रकं चार पोती. मी अक्षरं पत्रकांवर शिकले. मला वाचता आलेला पहिला शब्द "निषेध" होता, असं आई अजून सांगते. धुळ्याला देवपुरात कॉलेजात गेले तोवर मीच पत्रकं लिहायला लागले होते. मोठा आकडा आणि त्याच्यामागे ठोकलेलं उद्गारचिन्ह, यावर माझा फार विश्वास होता.

त्याच वर्षी आमच्या गावच्या नगरपालिकेने फळ्यावर नोटीस लावली. "आर्थिक तुटीच्या परिस्थितीमुळे" नगरपालिकेचं पाळणाघर पुढच्या आर्थिक वर्षापासून बंद करण्याचा प्रस्ताव आहे, हरकती असतील त्यांनी अमुक तारखेला सुनावणीला यावं. तेव्हा निवडून आलेले नगरसेवक नव्हते. मुख्याधिकारी साहेबच प्रशासक होते, आणि त्यांची एक सही पुरेशी होती.

पाळणाघर म्हणजे दोन खोल्यांतली एक. दुसरीत नगरपालिकेच्या मोडक्या खुर्च्या. पण सकाळी केळी भरायला नेणारा ट्रक आला की तीसेक बायका तिथे मुलं सोडून जायच्या. फरीदाभाभीची अडीच वर्षांची सना तिथेच असायची. भाभी वेफर्सच्या कारखान्यात तळणीवर काम करायची. पाळणाघर बंद झालं तर तिच्यासमोर दोनच गोष्टी होत्या: काम सोडायचं, किंवा सनाला उकळत्या तेलाच्या कढईजवळ घेऊन बसायचं. तिच्या नवऱ्याचा पाय अपघातात गेला होता. काम सोडणं म्हणजे काय, हे मोहल्ल्यात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

मला बातमी कळली आणि मी कॉलेजच्या वाचनालयात एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. "तीस वर्षांत देशाची तूट पंचवीसपट! देश बुडाला, आणि झळ आमच्या तान्ह्यांना!" देवपुरातल्या छापखान्यात पिवळ्या कागदावर एक हजार प्रती काढल्या, गठ्ठा मांडीवर घेऊन एसटीने गावी आले आणि थेट अक्काकडे गेले. मला शाबासकी हवी होती.

अक्काने चष्मा लावला. पत्रक एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं.

"आकडा खरा आहे?"

"खरा आहे. मी तपासलाय."

"कितलामाईन?"

मी पत्रकातल्या आकड्यावर बोट ठेवलं.

तिने मला सुतळीपाशी उभं केलं. "तीस वर्षांपूर्वीचा धागा शोध." पांढरा धागा. पाचव्या गाठीच्या आसपास. "आताचा?" निळा. तोही पाचाच्या आसपास. पांढऱ्याला जवळजवळ चिकटलेला.

"पंचवीसपट वाढली ना? मग हे दोघं गळ्यात गळा घालून का बसलेत?"

मला उत्तर माहीत होतं. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी होते. या तीस वर्षांत देशाचं सगळं उत्पादनही रुपयांत तेवढ्याच पटीने वाढलं होतं, महागाई धरून. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते आणि पत्रक लिहिताना सोयीस्कर विसरले होते.

"तुनं पत्रक खोटं नही शे," अक्का म्हणाली. "आंधयं शे." खोटं नाही, आंधळं आहे.

मी वाद घातला. लोकांना हलवायला मोठा आकडा लागतो, हिशोब करत बसलो तर सुनावणी निघून जाईल, पाळणाघराला कुलूप लागेल, वगैरे. तूट म्हणजे काहीच नाही असं आता आपण म्हणायचं का, असंही विचारलं. अक्काने पूर्ण ऐकून घेतलं. मग जे बोलली ते मी आजही पत्रक लिहायच्या आधी आठवते.

"काहीच नाही असं कोण म्हणतंय? पाच गाठी म्हणजे थोड्या नाहीत, त्याचं व्याज तुझीच पोरं भरतील. पण तू नीट बघ, तू काय लिहिलंस. तू लिहिलंस देश बुडाला. साहेब काय म्हणतोय? तोही म्हणतोय बुडाला, म्हणून पाळणाघर बंद. तू त्याचंच पत्रक छापून आणलंस, पोरी. तेही तुझ्या खर्चाने."

इतकं बोलून तिने चहा टाकला. मी गठ्ठ्यावर बसून होते. शेवटी मी विचारलं, "आता या हजार कागदांचं काय करू?"

"मागची बाजू कोरी आहे ना? हिशोबाला होतील."

आणि खरंच झाले. दुसऱ्या दिवशी अक्का, फरीदाभाभी आणि मी नगरपालिकेत गेलो आणि साध्या कागदावर अर्ज केला, की आम्हाला नगरपालिकेचं अंदाजपत्रक बघायला आणि प्रत काढायला हवं. खिडकीतला कारकून म्हणाला, "मावशी, जाड बुक आहे. तुम्हाला काही कळणार नाही त्यातलं."

"कळणार नाही ना? मग द्यायला कसली भीती," अक्का म्हणाली.

आठ दिवस हेलपाटे घालून बुक मिळालं. रविवारी सभागृहात चाळीस बायका जमल्या आणि वाचन सुरू झालं. माझ्या पत्रकाच्या पाठीवर बेरजा-वजाबाक्या होऊ लागल्या. आणि इथे आमची सगळ्यांची एक चूक झाली. आम्ही दोन तास "तूट" शोधत होतो. नोटिशीत लिहिलेली आर्थिक तूट कुठल्या पानावर आहे? शिक्षणात बघितली, आरोग्यात बघितली, पाणीपुरवठ्यात बघितली. फरीदाभाभी म्हणाली, "अक्का, पानं चिकटली असतील." आम्ही पानं उन्हात धरून बघितली.

अक्का तोवर बाजूला बसून आमच्या बेरजा तपासत होती. तिला कळलं होतं की नाही हे मला आजही सांगता येत नाही. शेवटी तिने बुक बंद केलं, पहिलं पान उघडलं आणि भाभीच्या मांडीवर ठेवलं. भाभी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. तिने बोट ठेवून वाचलं: "सन अमुक-अमुकचे शिलकी अंदाजपत्रक."

शिलकी. देशाला तुटीचं बजेट मांडता येतं, नगरपालिकेला येत नाही. तिला वर्षाच्या शेवटी शिल्लक दाखवावीच लागते. तूट सापडली नाही कारण ती तिथे नव्हतीच. साहेबांनी देशाची तूट उसनी आणून आमच्या पाळणाघराच्या दारावर लावली होती.

मग अक्काने नवी सुतळी आणली. शंभर गाठी म्हणजे नगरपालिकेचा वर्षाचा खर्च. पाळणाघर कितव्या गाठीपर्यंत? आम्ही हिशोब केला, परत केला. पहिल्या गाठीपर्यंतही जात नव्हतं. अर्ध्यापर्यंतही नाही. भाभीने त्या जागेवर धागा बांधायचा प्रयत्न केला, तर तो सुतळीच्या टोकावरून निसटून खाली पडायचा. बायका हसून हसून बेजार झाल्या. भाभी मात्र हसली नाही. तिने धागा मुठीत धरला आणि म्हणाली, "सुनावणीला मी बोलते."

सुनावणीच्या दिवशी नगरपालिकेच्या सभागृहात बायका मावत नव्हत्या. जाताना मी अक्काला म्हणाले, तूच बोल, तुझं सगळे ऐकतील. ती म्हणाली, "मी बोलले तर म्हणतील, म्हातारी हुशार आहे. भाभी बोलली तर म्हणावं लागेल, बाई बरोबर आहे." आणि मागच्या बाकावर जाऊन बसली.

साहेब तसे सभ्य होते. त्यांनी पाणी मागवलं, सगळ्यांना बसायला सांगितलं आणि समजावणीच्या सुरात सुरुवात केली. देशाची परिस्थिती, राज्याची परिस्थिती, प्रत्येकाने थोडी झळ सोसली पाहिजे. "ताई, देशाचीच तूट पाच टक्क्यांच्या घरात आहे. आपण तर छोटी नगरपालिका."

फरीदाभाभी उठली. पदर सावरला. "साहेब, पाच टक्के कशाच्या?"

"कशाच्या म्हणजे? बजेटच्या."

मागून चाळीस बायका एकदम हसल्या. साहेबांना कळेना काय झालं. भाभीने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"बजेटच्या नाही, साहेब. देशात वर्षभरात जे काही बनतं त्या सगळ्याच्या पाच. बजेटच्या मानाने काढली तर तिसऱ्या हिश्श्याजवळ जाईल. मी पण आधी साठ म्हणाले होते, लाजू नका. आता हे सांगा, ती तूट देशाची झाली. आपल्या नगरपालिकेची किती?"

साहेबांनी लेखापालाकडे बघितलं. लेखापालांनी टेबलाकडे बघितलं.

"सांगा की," साहेब म्हणाले.

"शिलकीचं आहे, सर."

"मोठ्याने बोला, मागे ऐकू येत नाही," एक बाई ओरडली.

"शिलकीचं आहे," लेखापाल मोठ्याने म्हणाले.

भाभीने मूठ उघडली, धागा टेबलावर ठेवला आणि शंभर गाठींची सुतळी साहेबांच्या समोर पसरली. "हा आपल्या नगरपालिकेचा खर्च. आणि आमचं पाळणाघर या सुतळीवर कुठे बांधायचं ते तुम्हीच दाखवा. आम्हाला जागा सापडली नाही, इतकं लहान आहे. माझी सना या धाग्यावर झोपते, साहेब. हा धागा काढून तुमची कुठली तूट भरणार आहे?"

साहेबांनी धागा उचलला. बराच वेळ बोटांत फिरवला. त्यांचं मन तेव्हा बदललं की त्यांना फक्त बाहेर पडायचा रस्ता हवा होता, मला माहीत नाही, आणि त्याने फरक पडत नाही. ते म्हणाले, "प्रस्ताव मागे घेतो. पाळणाघर चालू राहील."

बायका टाळ्या वाजवायला लागल्या. तेव्हा मागच्या बाकावरून अक्काचा आवाज आला. त्या सुनावणीतलं तिचं एकच वाक्य.

"लिहून द्या."

त्यांनी लिहून दिलं. त्या कागदावर सही होईपर्यंत एकही बाई जागची हलली नाही. बाहेर आल्यावर भाभीने सनाला खांद्यावर घेतलं आणि आम्ही विहारापर्यंत चालत आलो. वाटेत दुकानदार विचारत होते, कुणाचं लग्न आहे. अक्का त्यांना सांगत होती, "लग्न नाही. बेरीज बरोबर आली."

सुमनअक्का मागच्या वर्षी जानेवारीत गेली. दोन दिवसांच्या आजारात, कुणालाही फार धावपळ न करायला लावता. वंदनेला विहारात मोहल्ल्यातल्या बायका पुढच्या रांगेत होत्या. त्यानंतरच्या फेब्रुवारीत मला भीती होती की त्या रविवारी कुणी येणार नाही. मी धुळ्याहून पोचले तेव्हा आत बसायला जागा नव्हती. फरीदाभाभी सुतळी ताणून उभी होती आणि एका नव्या सुनेला विचारत होती, "बोल, कितवी गाठ? चुकलीस तर चहा."

त्या वर्षी नगरपालिकेच्या बुकात पाळणाघराला स्वतःची वेगळी ओळ मिळाली. यंदा मोडक्या खुर्च्या हलवून दुसरी खोलीही मिळाली. हे कुणी दान दिलेलं नाही. चाळीस बायकांनी ते वाचून मिळवलं. देवपुरातही आता माझ्या कॉलेजातल्या काही मुली आणि त्यांच्या आया महिन्यातून एकदा जमतात. पहिल्या दिवशी एका आईने देशाची तूट नव्वद सांगितली आणि आम्ही सगळ्या तिच्या हातचा उत्तम चहा प्यायलो.

तुम्ही मला कधी भेटला नसाल, अक्कालाही नाही. तरी एक मागणं करते. या आठवड्यात तुमच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जा आणि साध्या कागदावर अर्ज लिहा: आम्हाला यंदाचं अंदाजपत्रक वाचायचं आहे. एकट्याने जाऊ नका, शेजारच्या चौघींना घेऊन जा. खिडकीतला माणूस म्हणेल, तुम्हाला कळणार नाही. तरीही तिथून हलू नका. बुक मिळालं की घरी आणा आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला बसा.